कॉफीत धुतलेला रोल

माझ्या वडिलांनी आयुष्यभर लोकांच्या पोरी गोऱ्या केल्या. तलवाड्याच्या बाजाराला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि पार उमापूरकडचे लोक मुलीचा स्थळासाठीचा फोटो काढायला त्यांच्याकडेच यायचे. फिल्म धुऊन वाळली की ते निगेटिव्ह काचेवर धरून बसायचे आणि टोकदार पेन्सिलीनं गालावर, कपाळावर, हनुवटीवर इतक्या हलक्या हातानं घासायचे, की कागदावर पोरगी दोन छटा उजळ उतरायची. पोरींच्या आया हात जोडायच्या. मी सावळी वगैरे नाही, चांगली काळी आहे. माझा फोटो काढायची वेळ आली तेव्हा चार माणसांत म्हणाले, "हिला पेन्सिल पुरायची न्हाई, खडू लागंल." माणसं पोट धरून हसली. नंतर त्यांनी माझाही फोटो गोरा केलाच. तो बघून आलेले पाहुणे पोह्यांची बशी माझ्याच हातून घ्यायचे आणि मग विचारायचे, मुलगी कुठाय. वडिलांना याचीही गंमत वाटायची. माझं लग्न झालं नाही, त्याला हे एकच कारण नव्हतं, पण हेही होतं.

हे वडील आता माझ्याकडे असतात, बीडला. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. भाऊ पुण्याला असतो, सणाला फोन करतो आणि फोनवर वडिलांशी फार प्रेमानं बोलतो. वडील न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते पलंगावर आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशनला तयार नाहीत. डॉक्टर लुटतात म्हणतात. मी त्यांना दादा म्हणते, अहोजाहो करते, लिहितानाही हात तसाच वळतो. त्यावरून कुणी माझ्या मनाचा अंदाज बांधू नये.

आता आईबद्दल. फोटोवाल्याची बायको असून तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढताना मागचा पडदा धरायची, पोरांची नाकं पुसायची, गिऱ्हाइकाला पावडर लावायला आरसा द्यायची, आणि वडील "हं" म्हणाले की बाजूला व्हायची. एकदा कपिलधारच्या यात्रेत वडील धबधब्यापाशी लोकांचे फोटो काढत होते. आम्ही सामान सांभाळत बसलो होतो. गर्दी ओसरल्यावर आई म्हणाली, माझा एक काढा की. ते म्हणाले, "तुला रोज बघतोच की मी. अजून कावून बघायचं?" आई हसली आणि पिशवी उचलली. मतदार कार्डावर तिचा जो फोटो होता त्यात नाक आणि ओठ एकच झाले होते. तो पुढे धरून ही आमची आई असं कुणाला सांगायची सोय नव्हती.

आई गेली तेव्हा मी नाशिकला पहिल्याच नोकरीवर होते. उन्हाळा होता, पेपर तपासणी चालू होती. सकाळी होस्टेलवर फोन आला. छातीत कळ आली आणि आई गेली, लगेच नीघ. मी निघाले. नाशिकहून तेव्हाचं औरंगाबाद, तिथून गेवराई. एसटीत शेजारच्या बाईनं दोनदा पाणी दिलं, एवढंच आठवतं. गेवराईला उतरले तेव्हा ऊन उतरत आलं होतं आणि तलवाड्याची जीप भरल्याशिवाय हलत नव्हती. मी ड्रायव्हरला सांगितलं, माझी आई गेलीय. तो म्हणाला, "बाई, अजून चार शिटा येऊ द्या, मग सोडतोच." आम्ही स्टँडवर ताटकळत असताना रस्त्यावरून पांढऱ्या गाड्यांचा ताफा हॉर्न वाजवत गेला. जीपमधले दोघे उठून उभे राहिले, साहेब, साहेब म्हणत. मग शिटा भरल्या.

तलवाड्याहून आमच्या गावापर्यंत मी चालत गेले. घरी पोचले तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. पुरुष नदीवरून अंघोळ करून आले होते. आई जिथं ठेवली होती तिथं पिठावर दिवा लावून वर टोपलं पालथं घातलं होतं. अंगण ओलंचिंब होतं, चिखल म्हणावा इतकं. मला वाटलं, मयत उचलल्यावर धुऊन काढलं असेल.

वडील ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "दुपारीच उरकलं. वैशाखाचं ऊन, देह टिकंना. खेड्यात बर्फ कुठनं आणणार."

मला कुणावर ओरडावं तेही सुचलं नाही. आमच्याकडे लेक आल्याशिवाय मातीला उचलत नाहीत. नणंदा-भावजयांचं पटत नसलं तरी तेवढं पाळतात. लेकीनं तोंड बघायचं, तोंडात पाणी घालायचं, मग न्यायचं. माझ्या आईनं तिच्या आईच्या वेळी धावत येऊन ते केलं होतं. मला मिळालं नाही.

मग वडील म्हणाले, "तुझ्यासाठी फोटू काढून ठेवलाय तिचा. तोंड बघायचं राहिलं म्हणू नको."

त्या रात्री त्या एका वाक्यासाठी मी त्यांचं सगळं माफ केलं होतं. खडूसुद्धा.

दिवस झाले, कार्य झालं, मी निघायच्या आदल्या दिवशी फोटो मागितला. तेव्हा कळलं, रोल संपला नाही. ज्यांनी जुन्या स्टुडिओचं काम बघितलं नाही त्यांना सांगते. वडिलांचा नेम होता, रोल पूर्ण भरल्याशिवाय धुवायचा नाही. मंत्री आला तरी नाही. परीक्षेच्या फॉर्मला काळे-पांढरे फोटो लागायचे, तेवढ्यासाठी एका कॅमेऱ्यात तो रोल घातलेला असायचा, आणि पोरं हळूहळू येतील तसतसा तो भरायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, "रोल सपू द्या" हे उत्तर ठरलेलं. ते उत्तर आता मला मिळालं. मी म्हटलं, उरलेले मी काढते, अंगणाचे, झाडाचे, कशाचेही. त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. "फिल्म काय झाडावर वाया घालायला आणली व्हय?"

मी नाशिकला गेले. दिवाळीला आले, रोल संपला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात आले, तरी नाही. तोवर फॉर्मलासुद्धा रंगीत फोटो चालायला लागले, मग डिजिटल आलं, मग पोरांच्या हातात मोबाईल आले. रोल धुवायचं डेव्हलपर आणि हायपो देणारा बीडचा दुकानदार मोबाईलची कव्हरं विकायला लागला. वडिलांचा स्टुडिओ बंद पडला. कॅमेरा पत्र्याच्या पेटीत गेला आणि पेटीची किल्ली त्यांच्या करदोड्याला. मी दर वेळी विचारायचे. कधी म्हणायचे, बघू. कधी म्हणायचे, आता कोण धुतंय. एकदा चिडून म्हणाले, "मेलेल्या माणसाचं तोंड बघून तुझं काय भागणार हाय?" त्यानंतर मी विचारणं सोडलं. पण डोक्यातून ते गेलं नाही. आईचा चेहरा मला आठवेनासा व्हायला लागला होता. आधी आवाज गेला, मग हसताना दात कसे दिसायचे ते गेलं. मला खरंच भीती वाटायला लागली होती.

खुब्याचं हाड मोडल्यावर दवाखान्यात त्यांच्या अंगावरचं सगळं उतरवलं. नर्सनं करदोडा कापून किल्लीसकट माझ्या हातात दिला. घरी आल्या आल्या मी त्यांनी बीडला आणलेली पेटी उघडली. कॅमेरा कापडात गुंडाळलेला होता, वर डांबरगोळ्या.

बीडमध्ये आता फिल्म धुणारं कुणी नाही. पुण्याला पाठवा, कुरिअरनं जाईल, असं सगळे म्हणाले. आई त्या एका रोलमध्ये होती आणि मी तो कुणा पोराच्या बॅगेत टाकून देणार नव्हते. मग इंटरनेटवर वाचलं की कॉफीत रोल धुता येतो. मला आधी थट्टाच वाटली. मग केमिस्ट्री शिकवणारं डोकं चालायला लागलं आणि पटलं. साधी झटपट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची पावडर. जुन्या रोलवर धुरकट थर येतो, तो कमी व्हावा म्हणून थोडं खायचं मीठ. नंतर चित्र पक्कं करायला हायपो लागतो, तो आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बाटलीभर असतोच, मुलांना टायट्रेशनला लागतो. प्राचार्यांना विचारून तो आणला. धुवायची टाकी आणि तिच्यातलं फिल्म गुंडाळायचं चाक वडिलांच्याच पेटीत होतं.

आमच्या घरात कॉफी म्हणजे मोठ्या पाहुण्यापुढं दूध आटवून द्यायची गोष्ट. मी गल्लीतल्या दुकानातून पुडा आणला, एक नवी फिल्म मागवली, गच्चीवरच्या वाळत घातलेल्या चादरी आणि शेजारणीची शेळी काढली, आणि धुतली. काहीच धड आलं नाही. शेळी तेवढी धुक्यात असल्यागत दिसत होती. पुडा उलटून बघितला तर अर्धी कॉफी आणि अर्धी चिकोरी. दुसरी शुद्ध कॉफी आणली, पुन्हा चादरी, पुन्हा शेळी. या खेपेला शेळीच्या दाढीचे केस मोजावेत इतके स्पष्ट आले.

वडिलांना वास आला. हे मिश्रण फार घाण वास मारतं, ओलं बारदान कुजावं तसं. पलंगावरून म्हणाले, "काय शिजवतीस?"

मी सांगितलं.

ते बराच वेळ हसले. "कॉफीत रोल धुतात व्हय? उद्या ताकात धू. मी हयात घातली या धंद्यात. तुझ्यासारखी येडी न्हाई बघितली."

"जमलंय मला," मी म्हटलं. "आता आईचा धुणार."

हसणं थांबलं. त्यांनी कॅमेरा मागितला. मी दिला नाही, पण पलंगाशी नेऊन दाखवला. त्यांनी हात लांब करून तो चाचपला आणि म्हणाले, "यात रोलच न्हाई. तवाच काढला मी. उघडून बघ."

माझा अंगठा खटक्यावर गेलासुद्धा होता. उजेड भरपूर होता, खिडकी पलंगाला लागूनच आहे. मागचं झाकण उघडलं असतं की सगळा रोल एका क्षणात जळून गेला असता. कशानं थांबले कोण जाणे. कॅमेऱ्यात फिल्म आहे की नाही ते कळायला झाकण उघडत नाहीत. वरची रोल गुंडाळायची चावी हलकेच फिरवतात, आत फिल्म असली की ती ताणते. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा. मी चावी फिरवली. ती अडली.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना दिसत नव्हतं, पण कळलं असावं. तोंड भिंतीकडं केलं.

"दादा, खरं सांगा. आईचा फोटो तुमी काढलाच न्हाई ना?"

"काढलाय म्हणलं ना."

"मग रोल कावून जाळायला निघालते?"

"जुना रोल. काय यायचं हाय त्यात. कावून उकरतीस?"

त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. माझी खात्रीच झाली होती की रोल कोरा आहे. हा माणूस मला इतकी वर्षं रिकाम्या डबीवर झुलवत आला, आणि आता डबी उघडणार म्हणून घाबरलाय. तरीही धुवायचाच होता. निदान खोटं तरी उजेडात येईल असं म्हटलं. मला इतका राग आला होता की सोडा मोजणं सोडून आधी भांडी घासली. मग पुन्हा बसले.

न्हाणीच्या खिडकीला सतरंजी ठोकली, दाराच्या फटीत धोतरं कोंबली आणि अंधारात रोल काढला. जुनी फिल्म कडक झाली होती, सारखी उलटी वळायची, चाकात बसायला तयार नव्हती. दोनदा निसटली. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी बसली. टाकीचं झाकण लावून बाहेर आले, कॉफी ओतली. टाकी हलवायची, ठेवायची, पुन्हा हलवायची. पलीकडून वडिलांचं चालू होतं, पाणी गार हाय का, बीडचं बोअरचं पाणी जड असतंय, लई हलवू नको. जाळायला निघालेला माणूस आता शिकवत होता. मी कॉफी ओतून टाकली, पाणी घातलं, मग हायपो. उघडायची वेळ झाली तेव्हा उघडेना. म्हणजे मलाच उघडवेना.

फिल्म बाहेर काढली. काठावरचे बारीक आकडे उमटले होते. आकडे कंपनीनं छापलेले असतात, ते उमटले म्हणजे कॉफीनं तिचं काम केलं. आता आत काही नसेल तर तो कॉफीचा दोष नाही. मी फिल्म खिडकीशी धरली.

ती कोरी नव्हती. सुरुवातीला परीक्षेच्या फॉर्मची पोरं होती, एकामागोमाग एक, तोंडं काळी, केस पांढरे, निगेटिव्हमध्ये दिसतात तशी. त्यांच्यानंतर आमचं अंगण होतं.

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. काढला होता. माझ्या वडिलांनी आईचा फोटो खरंच काढला होता, आणि मी उगाच त्यांना शिव्या घातल्या असं मला वाटलं. हे वाटणं फिल्म वाळेपर्यंत टिकलं.

वाळल्यावर पांढऱ्या कागदावर ठेवून मोबाईलनं तिचे फोटो घेतले. मोबाईलमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करता येतं, म्हणजे निगेटिव्हचा सरळ फोटो होतो. पहिला उघडला. अंगणात आईला ठेवलेली ताटी, आणि ताटीपुढं साहेब. आमच्या भागातले पुढारी, तेव्हा नुकते मोठे झालेले, पांढरे कपडे, हातात झेंडूचा हार. आई त्यांच्या पाठीमागं. तिच्या लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. दुसऱ्यात साहेब हार घालताहेत, आईच्या तोंडावर त्यांचा हात. तिसऱ्यात साहेब हात जोडून उभे, शेजारी आमचा भाऊ, मागं सगळी भावकी कॅमेऱ्याकडं बघत. चौथ्यात साहेब वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून आहेत. तो कुणीतरी दुसऱ्यानं काढला असणार, तिरका आलाय. पाचवा साहेब गाडीकडं निघालेत त्याचा.

साहेब आले होते हे मला माहीत होतं. ते वडिलांनी गावात पुढची कित्येक वर्षं सांगितलं, पण वेळ कधी सांगितली नाही. फोटोतलं बाकीचं माहीत नव्हतं. ताटीखाली बर्फाच्या लाद्या होत्या. चांगल्या मोठ्या, भुशात घातलेल्या, बारदानाची टोकं बाहेर आलेली. बर्फ वितळून अंगणात ओघळ गेले होते. आणि कडुनिंबाची सावली गोठ्याच्या भिंतीवर चढलेली होती. ते अंगण मी लहानपणापासून झाडलंय. ती सावली तिथं दुपारी जात नाही. ती तिथं जाते तेव्हा आई चूल पेटवायची आणि मला पाण्याला पाठवायची.

म्हणजे दुपारी काही उरकलं नव्हतं. ऊन कलेपर्यंत आई बर्फावर ठेवलेली होती, साहेब यायचे म्हणून. ते आले, हार घातला, फोटो झाले, गेले, आणि मग लगेच उचलली. त्यांच्या गाड्या गेवराईच्या स्टँडवरून गेल्या तेव्हा मी जीपमध्ये बसलेली होते. चार शिटांची वाट बघत.

आईचा चेहरा एकाच फोटोत होता. तिसऱ्यात, साहेबांच्या कोपराखालून. मी तो मोठा करून बघितला. कपाळभर मळवट, त्यामुळं वरचा अर्धा भाग काळाच. खाली नाक, ओठ, हनुवटी, सगळं एकमेकांत विरघळलेलं. कॉफीचा दोष नव्हता, जुन्या फिल्मचाही नव्हता. साहेबांच्या सदऱ्याची बटणं, मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा, सगळं लख्ख होतं. फोकस साहेबांवर होता. ज्या माणसाचा फोकस उभ्या आयुष्यात कधी चुकला नाही, त्यानं तो कुठं लावायचा हे ठरवून लावला होता. आणि साहेब गेल्यावर, उचलायच्या आधी, एकदा कॅमेरा वळवून नुसतं बायकोचं तोंड घ्यावं, एवढं त्याला सुचलं नव्हतं. फिल्म शिल्लक होती. कोऱ्या जागा मी बघितल्या.

मी वडिलांच्या पलंगाशी गेले.

"दादा, आईच्या खाली बर्फ होता."

ते म्हणाले, "साहेबांनीच पाठविलता. निरोप आला, आमी येतो, तवर उचलू नका."

"अन् मी येत होते, ते?"

"ते ठावं होतं."

"गेवराईला होते मी. थोडं थांबला असता तर पोचले असते."

त्यांना खरंच माझं बोलणं समजत नव्हतं. तोंडावर लाज नव्हती, रागही नव्हता. मी अवघड गणित घेऊन आल्यासारखी मला समजावून सांगायला लागले. "साहेब दिवसभर येणार येणार म्हणून सगळे बसलेले. ते आले, गेले. मग माणसं घाई कराय लागली, दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायचा म्हणून. अगं, साहेब पुन्हा आपल्या दारात येणार होते व्हय? तू काय, येणारच होतीस."

मी हातातला मोबाईल बंद केला.

"म्हणून तर फोटू काढला तुझ्यासाठी," ते म्हणाले. "अन् मग वाटलं, तू बघशील, बर्फ दिसंल, उगंच डोक्यात घेशील. म्हणून न्हाई धुतला." थोड्या वेळानं त्यांनी मान माझ्याकडं वळवली. डोळे पांढुरके झालेत, तरी रोखून बघायची सवय गेली नाही. "साहेबांचं तोंड नीट आलंय का?"

"लई छान आलंय."

"येणारच. कॉफीत धुतलं तरी येणार. काढलाय कुणी." ते खूश झाले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना इतकं खूश बघितलं.

संध्याकाळी मी त्यांना दुधात भाकरी कुस्करून भरवली. हात थरथरतात, त्यांना घास नीट घेता येत नाही. प्रत्येक घासाला मला त्यांचा तिरस्कार वाटत होता, आणि दूध जास्त गरम तर नाही ना, हेही मी बघत होते. दोन्ही एकाच वेळी होत होतं. मी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही.

आईचा तो चेहरा मी मोबाईलमध्ये कापून वेगळा केला. साहेबांचं कोपर वगळलं की तुरीच्या दाण्याएवढा उरतो. रोज काढून बघते. जितका मोठा करावा तितका विरतो. आता मला आई आठवायला गेले की तोच पुसट चेहरा समोर येतो, आणि आधीची जी काही थोडी आठवत होती तीही त्याच्याखाली गेली. हे मला आधी कळलं असतं तर मी रोल धुतला नसता.

गेल्या महिन्यात वडिलांना ताप भरला, छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, तयारीत असा. ताप उतरल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला तो फोटो मोठा करून, काच लावून, समोरच्या भिंतीवर टांगायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल असा. दुसरी गोष्ट सांगताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्या बोटांत अजून बरीच ताकद आहे.

"माझ्या येळंला पोराला येऊ दे," ते म्हणाले. "पुण्याहून यायला टाइम लागंल त्याला. पण तो आल्याबिगर मला उचलू नका. त्याला तोंड बघू दे माझं."

दोन्ही गोष्टींना मी बरं म्हणाले. त्यातली एकही मी करणार नाही.